फक्त एसएसडीवर चालणारा, कमी वीज खाणारा घरचा सर्व्हर: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

घरचा सर्व्हर चोवीस तास चालू असतो, पण त्यातला किती वेळ तो खरंच काम करतो? फोटो चढवणं, संध्याकाळी एखादा चित्रपट, रात्रीचा बॅकअप, सगळं धरलं तरी दिवसाचे दोन-तीन तास. बाकी वेळ तो नुसता जागा असतो. म्हणून काम करताना तो किती वॅट घेतो याची चिंता करत बसू नका. रिकामा असताना किती घेतो, तिथेच विजेचं बिल ठरतं. या लेखातली जवळजवळ प्रत्येक शिफारस या एकाच मुद्द्यावरून आली आहे.

आधी गणित. १ वॅट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. कपाटातून काढलेला जुना डेस्कटॉप रिकामा असताना सहज ४० वॅट घेतो, म्हणजे वर्षाला ३५० युनिट. नीट जुळवलेला छोटा सर्व्हर ८ वॅटवर राहिला तर ७०. मधले २८० युनिट गुणिले तुमचा दर, एवढं काढून पाहा आणि मगच खर्चाचा विचार करा.

यात हार्ड डिस्कचा वाटा मोठा असतो. ३.५ इंची डिस्क काहीही न वाचता-लिहिता नुसती फिरत राहायला ४ ते ६ वॅट घेते. चार डिस्क म्हणजे वीसेक वॅट गेले. शिवाय फिरायला सुरुवात करताना प्रत्येक डिस्क काही सेकंद २० वॅटच्या आसपास ओढते, तो भार पेलायला मोठा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो, आणि मोठा पॉवर सप्लाय कमी भारावर वीज वाया घालवतो. डिस्क झोपवता येतात, पण दर थोड्या वेळाने कुठली तरी सेवा त्यांना उठवते. एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क) वापरली की ही सगळी साखळीच सुटते. मात्र एसएसडी बसवल्या म्हणून वीज आपोआप वाचत नाही. वाचवू शकणारं यंत्र हाती येतं, एवढंच. पुढचं काम आपल्याला करावं लागतं.

किती जागा लागेल ते आधी ठरवा

घरातले फोटो, कागदपत्रं, फोनचे बॅकअप आणि थोडे व्हिडिओ एवढंच असेल तर बहुतेकांचं २ ते ४ टीबीत भागतं. सध्याचा डेटा मोजा, त्याच्या दुप्पट जागा धरा. वीस-तीस टीबी चित्रपट साठवायचे असतील तर फक्त एसएसडीचा हट्ट धरू नका. दर टीबीमागे एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा बरीच महाग पडते आणि तो फरक विजेच्या बचतीतून भरून निघायला फार वर्षं लागतील. अशा वेळी रोजचा डेटा एसएसडीवर ठेवा आणि चित्रपटांसाठी वेगळं, गरजेपुरतं चालू होणारं यंत्र ठेवा.

प्रोसेसर आणि बोर्ड

प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी हा आकडा इथे फारसा उपयोगाचा नाही. तो पूर्ण भाराखालच्या उष्णतेबद्दल सांगतो. ६५ वॅटचा डेस्कटॉप प्रोसेसरही रिकामा असताना एक-दोन वॅटवर उतरू शकतो, फक्त बोर्डाने आणि बाकीच्या उपकरणांनी त्याला झोपू दिलं पाहिजे.

तीन वाटा आहेत. पहिली, इंटेल एन१०० किंवा त्याच कुळातला प्रोसेसर असलेला मिनी पीसी किंवा छोटा बोर्ड. एन१०० २०२३ च्या सुरुवातीला आला: चार कोअर, ६ वॅट टीडीपी, आणि व्हिडिओचं रूपांतर हार्डवेअरमध्ये करणारं क्विक सिंक. साध्या मिनी पीसीत बसवलेला हा प्रोसेसर भिंतीपाशी मोजला तर रिकामा असताना ६ ते १० वॅटच्या घरात राहतो. मर्यादा अशी की पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्डं आणि एसएसडी प्रोसेसरला जोडणारी वाट) च्या फक्त नऊ लेन मिळतात, आणि प्रोसेसरचे स्वतःचे साटा (डिस्क तारेने जोडायचे) पोर्ट जेमतेम दोन. ‘एन१००, सहा साटा पोर्ट’ अशी जाहिरात दिसली की उरलेले पोर्ट वेगळ्या चिपवरून आले आहेत हे समजून घ्या. ती चिप कोणती, याकडे पुढे वळू.

दुसरी वाट, इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचा आय३ आणि साधा, कमी झगमगाटाचा बोर्ड. ताकद जास्त, स्लॉट जास्त, आणि नीट बसवला तर रिकामा खप एन१०० पेक्षा थोडाच जास्त. एएमडी घ्यायचा असेल तर लॅपटॉप कुळातला, एकाच तुकड्यावर बनवलेला एपीयू (प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकत्र) घ्या. जोडण्या सांभाळणारा वेगळा तुकडा (आयओ डाय) असलेले रायझन रिकामे असतानाही काही वॅट जास्त घेतात.

तिसरी, रास्पबेरी पाय ५. रिकामा असताना साधारण ३ वॅट. पीसीआय एक्स्प्रेसची अधिकृतपणे फक्त एक लेन मिळते, तीही २.० ची, आणि व्हिडिओ एन्कोड करायला हार्डवेअर नाही. फाइल सर्व्हर, जाहिराती अडवणारं पाय-होल, घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट यांना तो पुरतो. जेलीफिनमधून घरभर व्हिडिओ दाखवायचे असतील तर एन१०० घ्या.

माझा कौल बहुतेक घरांसाठी पहिल्या वाटेला आहे. फक्त एम.२ (बोर्डावर थेट बसणाऱ्या चपट्या एसएसडी) चे किमान दोन स्लॉट, किंवा एक एम.२ आणि एक साटा, एवढं तरी हवंच. एकाच एसएसडीचा सर्व्हर हा सर्व्हर नसून टांगती तलवार आहे.

नेटवर्कचं थोडक्यात: २.५ गिगाबिट पुरेसं आहे. तांब्याच्या तारेवरचं १० गिगाबिट कार्ड एका पोर्टमागे काही वॅट खातं, आणि समोरचा स्विचही तेवढेच. एवढा आटापिटा करून वाचवलेली वीज तिथे घालवण्यात अर्थ नाही.

पॉवर सप्लाय

मिनी पीसी घेतलात तर अ‍ॅडॉप्टर सोबत येतो आणि हा भाग तुम्ही सोडून देऊ शकता. बोर्ड वेगळा घेणाऱ्यांनी मात्र इथे थांबा. ८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड वगैरे श्रेणींची चाचणी २० टक्के भारापासून सुरू होते. १० टक्क्यांवरची अट फक्त टायटॅनियमला असते. आपला सर्व्हर १० वॅट घेणार आणि पॉवर सप्लाय ५०० वॅटचा, म्हणजे भार झाला २ टक्के. तिथे कोणती श्रेणी काय करेल याची हमी कुठेच लिहिलेली नसते. म्हणून १२ किंवा १९ व्होल्टचा बाहेरचा अ‍ॅडॉप्टर थेट घेणारा बोर्ड बघा. नाहीतर पिको पीएसयूसारखा छोटा डीसी-डीसी बोर्ड आणि ६० ते ९० वॅटचा चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. एसएसडींना सुरू होताना हार्ड डिस्कसारखा झटका लागत नाही, म्हणूनच एवढ्यावर भागतं.

एसएसडी निवडताना

जाहिरातीतला ७,००० एमबी प्रति सेकंद हा आकडा विसरा. २.५ गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात २८० एमबीच्या आसपासच जाणार आहेत. साटा एसएसडीही ५५० देते. आपल्याला बघायच्या आहेत वेगळ्याच गोष्टी.

पहिली, पेशींचा प्रकार. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) स्वस्त असते आणि वाचायला छान असते, पण मोठी फाइल लिहिताना आतला वेगवान कॅश भरला की तिचा वेग कोसळतो. सॅमसंगच्या १ टीबी ८७० क्यूव्हीओचा कॅश संपल्यानंतरचा लेखनवेग कंपनीनेच ८० एमबी प्रति सेकंद दिला आहे, म्हणजे साध्या गिगाबिट नेटवर्कपेक्षाही कमी. चित्रपट एकदा लिहायचे आणि शंभरदा बघायचे असतील तर क्यूएलसी चालेल. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) तिच्यावर ठेवू नका.

दुसरी, आयुष्य. ते टीबीडब्ल्यू या मापात देतात: हमीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला ६०० टीबीडब्ल्यू हा नेहमीचा आकडा. रोज ३० जीबी लिहिलं तर वर्षाला ११ टीबी, म्हणजे हिशोबाने पन्नासहून अधिक वर्षं. घरचा सर्व्हर लेखनाने मरत नाही, तो बहुधा कंट्रोलर बिघडल्याने किंवा फर्मवेअरच्या (एसएसडीच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) दोषाने मरतो. टीबीडब्ल्यूवरून रात्रीची झोप घालवू नका, पण विनाकारण लिहिणाऱ्या सेवांना आवर घाला. कसा, ते पुढे आहे.

तिसरी आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, रिकाम्या वेळेची वीज. चांगली एनव्हीएमई (पीसीआय एक्स्प्रेसवरून चालणारी) एसएसडी खोल झोपेत काही मिलिवॅटवर उतरते. तीच एसएसडी झोपू दिली नाही तर अर्ध्यापासून दोन वॅटपर्यंत घेत राहते. डीरॅम नसलेल्या, यजमान संगणकाची थोडी रॅम उसनी घेणाऱ्या एसएसडी घरच्या कामाला उत्तम चालतात आणि सहसा थंडही राहतात. वीज गेल्यास हातातला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्या, डेटा सेंटरमधून निघालेल्या एसएसडींचा मोह अनेकांना होतो. टिकायला त्या दणकट असतात यात शंका नाही. पण त्यातल्या यू.२ जातीच्या (सर्व्हरसाठीच्या २.५ इंची) रिकाम्या असतानाही ५ वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे हार्ड डिस्क काढून पुन्हा हार्ड डिस्कच बसवल्यासारखं झालं.

चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. दोन एसएसडी घेताना वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस (सर्व्हरमधली जोडणी) एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतात आणि डेटाही जातो. कारण फर्मवेअरमधला दोष. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तास मोजणारा आकडा त्याच्या खान्यात मावेनासा झाला. एकाच दिवशी चालू केलेल्या दोन सारख्या एसएसडींचा आरसा (एकच डेटा दोन्हींवर लिहिणं) अशा वेळी काय कामाचा? दोन्ही एकाच तासाला जातात.

जोडणी आणि बायोस

जोडणीत सांगण्यासारखं एकच: एम.२ एसएसडी मिनी पीसीच्या तळाशी, हवा न लागणाऱ्या जागी असते. तिच्यावर थर्मल पॅड लावून तो धातूच्या झाकणाला टेकेल असं बघा. यंत्र कपाटात कोंबू नका.

बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगांच्या पानांत) जाऊन हे करा. सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या) चालू करा आणि पॅकेज, म्हणजे अख्ख्या प्रोसेसरच्या, सी-स्टेटची मर्यादा ‘ऑटो’वर न ठेवता मिळेल तितक्या खोल, सी८ किंवा सी१०, वर ठेवा. पीसीआय एक्स्प्रेसचं एएसपीएम (रिकामा दुवा झोपवणारी सोय) चालू करा. ते बहुधा दोन-तीन वेगळ्या पानांवर विखुरलेलं असतं, सगळीकडे एल१ निवडा. साटाचं ‘अ‍ॅग्रेसिव्ह एलपीएम’ (साटासाठीची तशीच सोय) चालू ठेवा आणि ‘हॉट प्लग’ (चालू यंत्रात डिस्क काढता-घालता येणं) बंद करा, कारण हॉट प्लग चालू असलेला पोर्ट पूर्ण झोपत नाही. ऑडिओ, सीरियल पोर्ट, वापरणार नसाल तर वायफाय आणि ब्लूटूथ बंद. शेवटी, वीज गेल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. तो विसरलात तर गावाला गेल्यावर आठवेल.

ऑपरेटिंग सिस्टम आणि फाइलसिस्टम

साधा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर डॉकर (प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), ही माझी पसंती. ब्राउझरमधून सगळं करायचं असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट, तोही डेबियनवरच उभा आहे. व्हर्च्युअल मशीन खरंच लागणार असतील तरच प्रॉक्समॉक्स घ्या, आणि यंत्र एकटंच असेल तर त्याच्या हाय-अव्हेलेबिलिटीच्या (एक यंत्र बंद पडलं की दुसऱ्याने काम उचलण्याच्या) सेवा बंद करा. त्या कारण नसताना डिस्कवर लिहीत राहतात. अनरेड (घरच्या सर्व्हरसाठीची आणखी एक सिस्टम) घेणाऱ्यांनी एसएसडी पॅरिटीच्या (एक डिस्क गेली तरी डेटा परत बांधणाऱ्या) अ‍ॅरेमध्ये न घालता पूलमध्ये (डिस्कांच्या वेगळ्या गटात) घालाव्यात, कारण अ‍ॅरेमध्ये ट्रिम चालत नाही.

ट्रिम म्हणजे काय हे एका वाक्यात: फाइल पुसली की ती जागा आता मोकळी आहे हे एसएसडीला कळवणं. न कळवल्यास ती मेलेला डेटाही इकडून तिकडे हलवत राहते, झिजते आणि मंदावते. डेबियनमध्ये ‘एफएसट्रिम टायमर’ ही आठवड्याला चालणारी सेवा असते. ती चालू आहे ना ते सिस्टमसीटीएल या कमांडने तपासा, बंद असेल तर चालू करा. डिस्क लक्सने (लिनक्सच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद केली असेल तर क्रिप्टटॅब या फाइलमध्ये ‘डिस्कार्ड’ लिहिल्याशिवाय ट्रिम खालपर्यंत पोचत नाही.

डेटासाठी झेडएफएस किंवा बीटीआरएफएस वापरा. दोन्ही प्रत्येक तुकड्याची चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवतात, त्यामुळे गुपचूप बिघडलेला फोटो लक्षात येतो. झेडएफएसमध्ये पूल बनवताना ‘अ‍ॅशिफ्ट’ (लेखनाच्या तुकड्याचा आकार) १२ द्या, हे नंतर बदलता येत नाही. ‘एटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ नोंदणं) बंद, एलझेड४ कॉम्प्रेशन चालू, आठवड्याला ट्रिम, महिन्याला स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं). बीटीआरएफएसचे रेड ५ आणि रेड ६ वापरू नका. पूल कधीही काठोकाठ भरू नका, १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा.

आता वादाचा मुद्दा: दोन एसएसडींचा आरसा करायचा का? आरसा एक एसएसडी गेल्यावर सर्व्हर चालू ठेवतो. पण चुकून पुसलेला फोल्डर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसतो. दुकान चालवत असाल तर सर्व्हर बंद न पडणं महत्त्वाचं. घरी तो दोन तास बंद राहिला तर कुणाचं काही अडत नाही. म्हणून एसएसडी दोनच असतील तर मी आरसा करत नाही. एकीवर डेटा ठेवतो आणि दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) घेऊन तो दुसरीवर पाठवतो. दुसरी उरलेला तास गाढ झोपलेली असते. तिसरी एसएसडी आली की मग आरशाचा विचार.

झोप का लागत नाही ते शोधणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण वॅट इथेच वाचतात.

आधी मोजायचं साधन. भिंतीच्या प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर घ्या. पण स्वस्त मीटर १० वॅटखाली चुकीचे आकडे दाखवतात. यावर दोन उपाय आहेत. एक, क्षणाचा आकडा न बघता चोवीस तासांचे युनिट बघा आणि भागाकार करा. दुसरा, मल्टिप्लगवर सर्व्हरच्या शेजारी ४० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावा. आधी बल्ब एकटा मोजा, मग दोन्ही मिळून मोजा आणि वजाबाकी करा. मीटर आता त्याला नीट कळणाऱ्या पट्ट्यात काम करतं. मॉनिटर, कीबोर्ड काढून घ्या आणि यंत्र चालू केल्यावर दहा मिनिटं थांबा.

पहिला आकडा लिहून ठेवा. मग ‘पॉवरटॉप’ हा प्रोग्राम बसवून चालवा आणि ‘आयडल स्टॅट्स’च्या पानावर जा. डावीकडे ‘पॅकेज’ असा रकाना असतो, त्याखाली सी२, सी३, सी६, सी८, सी१० अशा ओळी आणि समोर टक्के. प्रोसेसरचे कोअर एकेकटे झोपले तरी पुरत नाही, अख्खं पॅकेज झोपायला हवं. कोअरच्या रकान्यात ९९ टक्के दिसतात आणि पॅकेज मात्र सी२ किंवा सी३ वर अडकलेलं, हे चित्र नवीन सर्व्हरवर हमखास दिसतं. याचा अर्थ कुठलं तरी एक उपकरण पीसीआय एक्स्प्रेसचा दुवा जागा ठेवतंय. शाळेच्या सहलीत एक मूल जागं राहिलं की बाईंनाही जागं राहावं लागतं, तसंच.

ते मूल शोधायचं कसं? ‘एलएसपीसीआय’ ही कमांड दोन व्ही लावून, रूट म्हणून चालवा. प्रत्येक उपकरणाखाली ‘एलएनकेकॅप’ आणि ‘एलएनकेसीटीएल’ अशा ओळी येतात. पहिलीत उपकरणाला काय जमतं ते असतं, दुसरीत आत्ता काय चालू आहे ते. दुसरीत ‘एएसपीएम डिसेबल्ड’ दिसलं की संशयित सापडला. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत.

साटाची जादा चिप. जेएमबी५८५ असेल तर पॅकेज सहसा खोल झोपेत जातच नाही. एएसएम११६६ एएसपीएम नीट पाळते, काही कार्डांना त्यासाठी फर्मवेअर नवीन करावं लागतं. बोर्ड घेण्याआधीच तपशिलात ही चिप शोधायला हवी ती यासाठी. सर्व्हरमधून निघालेली जुनी एलएसआय एचबीए (डिस्क जोडायची) कार्डं तर विसराच. ती एकटीच ८-१० वॅट खातात आणि पॅकेजलाही झोपू देत नाहीत.

नेटवर्क चिप. रिअलटेकच्या काही चिपांसाठी लिनक्सचा आर८१६९ ड्रायव्हर स्थैर्यासाठी एएसपीएम मुद्दाम बंद ठेवतो. बायोसमध्ये चालू दिसतं, प्रत्यक्षात बंद असतं. नव्या कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) अनेकांचं हे दुखणं जातं, म्हणून आधी तेच करून पाहा.

एनव्हीएमई एसएसडी स्वतः. ‘स्मार्टसीटीएल’ला ए पर्याय देऊन चालवलं की तिच्या वीज-अवस्थांचा तक्ता दिसतो, ० पासून बहुधा ४ पर्यंत, प्रत्येकीसमोर वॅट. लिनक्स तिला आपोआप खालच्या अवस्थेत नेतो. क्वचित एखादी एसएसडी झोपेतून उठतच नाही आणि सिस्टममधून गायब होते. असं झालं तर कर्नलला ‘एनव्हीएमई कोअर’चा ‘डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ हा पर्याय ५५०० असा द्या, म्हणजे सगळ्यात खोल अवस्था टाळली जाते. ० दिलंत तर झोपच बंद होते; ते शेवटचा उपाय म्हणूनच.

स्लॉटची जागा. काही डेस्कटॉप बोर्डांवर प्रोसेसरला थेट जोडलेल्या मोठ्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं की पॅकेज खोल झोपत नाही. तेच कार्ड चिपसेटच्या स्लॉटमध्ये हलवलं की झोपतं. एकेक कार्ड काढा, मोजा, परत घाला. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

यानंतर पॉवरटॉपच्या ‘ट्यूनेबल्स’ पानावर ‘बॅड’ दिसणाऱ्या ओळी ‘गुड’ करा. ‘ऑटो ट्यून’ने सगळ्या एकदम होतात, आणि ते दर वेळी सुरू होताना चालावं म्हणून छोटी सिस्टमडी सेवा लिहा. यात साटा दुव्यांचं धोरण ‘मेड पॉवर विथ डीआयपीएम’ होतं, तेच हवं असतं. यूएसबीवर झिग्बीचा (स्मार्ट उपकरणांशी बिनतारी बोलणारा) डोंगल किंवा यूपीएस जोडला असेल तर तेवढ्या ओळीला पुन्हा ‘बॅड’वर आणा, नाहीतर तो अधूनमधून गायब होईल.

प्रोसेसरचा कमाल वेग कमी करून वीज वाचेल असं वाटतं. टर्बो बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. काम झटपट संपवून लवकर झोपणं हेच स्वस्त पडतं. गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण) ‘पॉवरसेव्ह’ ठेवा. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये तो नावाप्रमाणे वेग दाबून ठेवत नाही, गरज पडली की वाढवतो.

सगळं जुळल्यावर पॅकेज बहुतेक वेळ सी८ किंवा सी१० मध्ये दिसायला लागतं. मग पुन्हा मीटर बघा.

लिहिणाऱ्यांना आवर

आता सेवा चढवा: फाइलींसाठी सांबा, फोटोंसाठी इमिच, व्हिडिओंसाठी जेलीफिन, फोनशी जुळवायला सिंकथिंग, जे काय हवं ते. पण एकेक करून, आणि प्रत्येकीनंतर पॉवरटॉप पाहून. दर सेकंदाला कुठल्या तरी यादीत डोकावणारी एखादी सेवा सगळी मेहनत पाण्यात घालू शकते.

लेखन कोण करतंय हे ‘आयोटॉप’ सांगतो. त्याला ए आणि ओ हे पर्याय द्या, तासभर तसाच सोडा, परत येऊन एकूण बेरीज बघा. वर दिसणारी नावं बहुधा ओळखीची असतात: होम असिस्टंटचा डेटाबेस, आलेख काढणारी एखादी सेवा, आणि डॉकरचे लॉग. होम असिस्टंट दर काही सेकंदांनी नोंदी डिस्कवर उतरवतो. त्याच्या ‘रेकॉर्डर’मध्ये ‘कमिट इंटरव्हल’ ३० करा आणि ज्या सेन्सरांचा इतिहास कधी पाहणारच नाही ते वगळा. डॉकरच्या लॉगना आकाराची मर्यादा घाला. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यावर लागणाऱ्या जागेसाठी) डिस्कऐवजी झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच दाबून बसवलेली जागा, वापरा. सिस्टमचे लॉग फक्त रॅममध्ये ठेवायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही. यंत्र मध्यरात्री अडकलं तर सकाळी बघायला काहीच उरत नाही, आणि वाचलेलं लेखन नगण्य असतं.

रात्रीची कामं, म्हणजे बॅकअप, ट्रिम, फोटोंची चेहरेपट्टी ओळखणं, एकाच तासात लावा. दिवसभर विखुरलेल्या दहा छोट्या कामांपेक्षा एक मोठं काम झोप कमी मोडतं. घरात रात्री कुणी सर्व्हर वापरतच नसेल तर ते काम संपल्यावर ‘आरटीसीवेक’ने यंत्र सकाळपर्यंत सस्पेंड करता येतं. मात्र होम असिस्टंट किंवा पाय-होल असेल तर हे जमणार नाही.

बाहेरून सर्व्हरपर्यंत पोचायला वायरगार्ड (कुलूपबंद खासगी जोडणी, म्हणजे व्हीपीएन) वापरा. सांबाचे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडे करू नका.

बॅकअप आणि एसएसडीची विसरण्याची सवय

तीन प्रती, दोन वेगळी साधनं, एक प्रत घराबाहेर, हा जुना नियम इथेही लागू. घराबाहेरच्या प्रतीसाठी रेस्टिक किंवा बोर्ग वापरा. दोन्ही डेटा पाठवण्याआधी कुलूपबंद करतात, त्यामुळे नातेवाइकांकडे ठेवलेलं यंत्र किंवा भाड्याची साठवण, काहीही चालतं.

एसएसडीवरचा बॅकअप कपाटात ठेवणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. पेशींमधला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार सामान्य ग्राहकांच्या एसएसडीने, तिचं ठरलेलं लेखन पूर्ण झाल्यानंतर, ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना डेटा एक वर्ष टिकवला पाहिजे. हा झिजलेल्या एसएसडीसाठीचा किमान आकडा आहे. नवी, कमी लिहिलेली एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकवते. उष्ण जागी मात्र हा काळ घटतो. तेव्हा बॅकअपची एसएसडी दर दोन-तीन महिन्यांनी जोडा, नवा बॅकअप घ्या, आणि त्याच वेळी संपूर्ण स्क्रब चालवा, म्हणजे साठवलेला सगळा डेटा वाचला जाईल. आणि अधूनमधून दोन-चार फाइली खरंच परत काढून उघडून बघा.

वीज वरचेवर जात असेल तर यूपीएस हवाच, पण त्याचाही स्वतःचा खप असतो आणि मोठ्या यूपीएसमध्ये तो आपल्या सर्व्हरइतका भरू शकतो. यंत्र १२ व्होल्टवर चालत असेल तर राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या डीसी यूपीएसचा पर्याय बघा. तो किती अँपिअर देतो ते मात्र तपासा.

नंतरची देखरेख

महिन्यातून एकदा स्मार्टचे (एसएसडी स्वतः नोंदवते त्या तब्येतीचे) आकडे बघा. एनव्हीएमईमध्ये ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे ठरलेल्या आयुष्यातलं किती वापरलं. ‘अव्हेलेबल स्पेअर’ १०० वरून घसरायला लागलं तर राखीव पेशी वापरात येताहेत. ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्यच असायला हवं. ‘डेटा युनिट्स रिटन’चं एक युनिट ५,१२,००० बाइटांचं असतं, तेवढ्याने गुणलं की आजवरचं लेखन मिळतं. दोन महिन्यांचे आकडे वजा करून दिवसांनी भागले की रोजचं लेखन कळतं. तो आकडा अचानक दुप्पट झाला तर आयोटॉपकडे परत जा. तापमान ७० अंशांच्या वर राहत असेल तर थर्मल पॅड नीट टेकलेला नाही.

कर्नल किंवा बायोस नवीन केल्यावर पॅकेजची झोप पुन्हा तपासा. बायोसच्या अपडेटनंतर सगळे पर्याय बहुधा मूळ जागी जातात, आणि यंत्र गुपचूप आठ-दहा वॅटने जास्त खायला लागतं. काहीच बिघडलेलं नसल्याने ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बायोसच्या पानांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवलेले असले की पाच मिनिटांत काम होतं.

‘पर्सेंटेज यूज्ड’ १०० झालं म्हणून एसएसडी त्याच दिवशी मरत नाही. ती पुढेही चालते, पण वीज नसताना डेटा टिकवण्याची तिची ताकद आता किमान पातळीवर आलेली असते. म्हणून तिला बॅकअपच्या कपाटात पाठवू नका. तशी वेळ आली तर नवी एसएसडी मोकळ्या स्लॉटमध्ये किंवा यूएसबीच्या डब्यात लावा, शेवटचा स्नॅपशॉट तिच्यावर पाठवा, स्क्रब करून शून्य चुका आहेत हे पाहा, आणि मगच जुनी काढा. काढलेली एसएसडी कुणाला देणार असाल तर आधी ‘एनव्हीएमई फॉरमॅट’ने सुरक्षित पुसा, नुसत्या फाइली पुसून भागत नाही.